मुक्ताला, शेवटच्या कार्यक्रमाआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल "जरासा घसा बसलाय" म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. सीझनचा शेवटचा कार्यक्रम, पाहुणी गायिका म्हणून तुझं नाव. घशाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

बाबांनी आज परत त्या माहलर संगीतकाराची चौथी सिम्फनी, ती वाद्यवृंदाची लांबलचक रचना, लावली. तुझं गाणं अगदी शेवटच्या भागात. म्हणजे पाऊण तास स्टेजवर गप्प बसायचं आणि एकदम उठून, तेही माइकशिवाय, गायचं. आपल्याकडे गवई षड्ज लावून गळा तापवत तापवत वर जातो. तुला ती सोयच नाही. तेवढ्यात घसा कोरडा पडला तर? काही गायिका तिसऱ्या भागाच्या सुमारास आत येतात, तूच सांगितलं होतंस. वाद्यवृंदाच्या कंडक्टरना विचार ना. विचारण्यात कमीपणा नाही. गार पाणी नको, एसीखाली बसू नकोस, तालमीत पूर्ण आवाज लावू नकोस... माफ कर गं. इतकी वर्षं हेच शिकलेल्या मुलीला मी काय सांगणार!

माहलरने म्हणे लिहूनच ठेवलंय, लहान मुलाच्या आनंदाने गायचं, थट्टा अजिबात नको, आणि वाद्यांनी साथ अगदी सांभाळून करायची. मला सातवीतली तू आठवलीस. गॅदरिंगला लाइट गेले, माइक बंद पडला, तू गातच राहिलीस. मागच्या रांगेत आत्याला शब्द न् शब्द ऐकू आला. अजून सांगते सगळ्यांना. आता तुझ्या जर्मनीतल्या या कार्यक्रमाचंही सांगत सुटलीय.

१९०१ साली म्युनिकला ही सिम्फनी पहिल्यांदा झाली तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली होती. तेव्हा लोकांचं दडपण घेऊ नकोस. घशाकडे मात्र बघ. नानाही "साधंच आहे" म्हणत राहिले होते. तुझं तसं नाही, कळतं मला. तरी डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले का, एवढं कळव. ते नको म्हणाले तर गाऊ नकोस. हे लिहिताना हात अडखळतो, कारण तू गावंस असं मला फार फार वाटतं.

ज्येष्ठमध आणि खडीसाखर प्राचीच्या भावाबरोबर पाठवलीय, गुरुवारी पोचेल. शुक्रवारची तालीम झाली की फोन कर, इथे कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई