आई-बाबांना: गंजाचा अभ्यास म्हणजे काय

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "गंज लागू नये म्हणून रंग द्यायचा, एवढंच ना? त्याचं एम.टेक. कसलं?" मी हसून विषय बदलला, कारण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. आता सवडीने सांगते.

आधी रंगाचंच घ्या. तांबं आणि पोलाद एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवलेत आणि रंग एकालाच पुरेल एवढा आहे. कोणाला द्याल? गंजतं पोलाद, म्हणून पोलादाला, असं कुणीही म्हणेल. उत्तर आहे तांब्याला. गंजताना लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ती जागा अ‍ॅनोड. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन दुसरीकडे उचलतो. ती जागा कॅथोड. जेवढे सुटले तेवढेच उचलले गेले पाहिजेत, हा हिशेब कधी चुकत नाही. आता पोलाद रंगवलं आणि रंगावर एक ओरखडा उठला, तर तांब्याच्या अख्ख्या पत्र्यावर ऑक्सिजन जेवढे इलेक्ट्रॉन मागतो, ते सगळे त्या ओरखड्यातूनच पुरवावे लागतात. तिथे आरपार भोक पडायला वेळ लागत नाही. तांबं रंगवलं तर मागणीच आटते. मग रंग थोडा उडाला तरी फारसं बिघडत नाही.

तुम्हाला जहाजांच्या गोष्टी आवडतात, म्हणून हीही सांगते. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, समुद्री किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. 1763 मध्ये तळ तपासला तेव्हा तांबं ठीक होतं, पण लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही खिळे मात्र ठणठणीत. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे अडकून राहिले होते आणि तांबं-लोखंड एकमेकांना टेकलंच नव्हतं. व्होल्टाचा विद्युतघट आला 1800 मध्ये. म्हणजे कारण कळायच्या कितीतरी आधी उपाय हाती लागला होता, तोही निष्काळजीपणातून!

माझं काम स्टेनलेस स्टीलवर आहे. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर आपोआप तयार होतो. ओरखडला तर पुन्हा धरतो. सगळं संरक्षण एवढ्यावरच. मिठातला क्लोराइड मात्र हा थर एखाद्या ठिकाणी फोडतो, बहुधा पोलादात राहिलेल्या मँगनीज सल्फाइडच्या कणापाशी, आणि तिथे खड्डा सुरू होतो. खड्डा एवढासा, भोवतालचा पृष्ठभाग मोठा: 'अलार्म'च्या खिळ्यांचंच गणित, फक्त एकाच धातूच्या अंगावर.

आई, तुला माझ्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅसिडची काळजी वाटते ना? मी दिवसभर वापरते ते साधं मीठ-पाणी, साडेतीन टक्क्यांचं, साधारण समुद्राइतकं खारट. अ‍ॅसिड तो खड्डा स्वतःच बनवतो. आत विरघळलेल्या धातूची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं, बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढला जातो, आणि या दोघांमुळे तो थर पुन्हा धरत नाही. खड्डा जितका वाढतो तितकं त्याचं वाढणं सोपं होत जातं.

काम दिसायला कंटाळवाणं आहे. नमुना पॉलिश पेपरवर घासायचा, बारीक, आणखी बारीक. मग पोटेन्शियोस्टॅटला, म्हणजे नमुन्यावरचा विद्युतदाब हवा तेवढा ठेवणाऱ्या उपकरणाला, जोडून तो दाब हळूहळू वाढवत प्रवाह बघत बसायचं. लोखंडाच्या बाबतीत दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला साधारण 0.012 मिलिमीटर झीज. हा आकडा ऐकून कुणीही निर्धास्त होईल, आणि तिथेच फसेल, कारण तो सरासरीचा आहे. पाइप गळतो तो सरासरीमुळे नाही, सगळ्यांत खोल खड्ड्यामुळे. एकाच पट्टीतून कापलेल्या नमुन्यांवरचा थरसुद्धा वेगवेगळ्या विद्युतदाबाला फुटतो. पहिल्यांदा मला वाटलं उपकरणच बिघडलंय. सर म्हणाले, हा विखुरलेपणा हाच विषय आहे.

तर आता मुद्द्याचं. मला याच खड्ड्यांवर पीएच.डी. करायची आहे. नोकरी आणखी काही वर्षं लांबणार, हे तुमच्या मनात आधी येईल, आणि ते बरोबरच आहे. शिष्यवृत्तीत माझं भागेल. घरी पाठवण्याएवढं मात्र उरणार नाही. अर्ज महिनाअखेरीस भरायचा आहे. त्याआधी दोघांनी आपापलं म्हणणं वेगवेगळं कळवा. बाबा, "आई म्हणेल ते" चालणार नाही. आणि आई, "तुला योग्य वाटेल ते कर" हेही नको.

तुमची,
मनू