दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना, मुलांच्या दिवाळीबद्दल

तीर्थस्वरूप आजी,

साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आपल्या माहीमच्या बिल्डिंगमधल्या मुलांकडून भेटवस्तू करून घेतल्यात, त्याबद्दल हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण इतर सोसायट्यांमधल्या आईबाबांनाही ते कळावं असं फार वाटतं.

एकाही मुलाच्या हातातलं काम तुम्ही काढून घेतलं नाहीत. पुडीची घडी तिरकी आली तर तिरकीच राहिली. शाळेचे प्रोजेक्ट घरोघरी आईबाबांच्या हातचे असतात, हे कोणाला ठाऊक नाही? तुमच्याकडे मात्र सगळ्यात धाकट्यालाही स्वतःचं काम होतं.

उटणं निवडलंत ते तर अगदी योग्य. संत्र्याच्या साली मुलांनी ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर वाळवल्या. मिक्सर तुम्ही फिरवलात, पण मलमलच्या फडक्यातून चाळणं, मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी चमच्याने मोजून कालवणं, सगळं त्यांचं. वास घेत घेत नावं पाठ झाली. माझी लेक आता नागरमोथा डोळे मिटून ओळखते! वर्तमानपत्राची शाई उटण्याला लागेल म्हणून कोऱ्या कागदाच्या पुड्या, वर दोरा आणि मुलांच्या अक्षरात ‘दुधात किंवा पाण्यात कालवा’. नरक चतुर्दशीला पहाटे ज्याच्या त्याच्या घरी ते उटणं लागलं. भेट वापरात यावी, शोकेसमध्ये धूळ खात पडू नये, हा तुमचा आग्रह मला मनापासून पटला.

पणत्या तुम्ही धारावीच्या कुंभारवाड्यातून आणल्यात. आधी रात्रभर पाण्यात भिजवायच्या, म्हणजे तेल कमी पितात. मग पूर्ण वाळवून रंगवायच्या. रंग बाहेरूनच, वातीपाशी कोरं ठेवायचं. ब्रश न पेलणाऱ्यांना तुम्ही काडीने पांढरे ठिपके द्यायला शिकवलंत. कंदिलाच्या झिरमिळ्या मोठ्या मुलांनी कापल्या.

आणि भेटी कोणाला द्यायच्या, ती यादीही मुलांनीच केली. वॉचमनकाका, जिना झाडणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, पोस्टमन. आम्ही मोठी माणसं त्यांना दिवाळीला पाकीट देतो, ते द्यायलाच हवं. पण वॉचमनकाकांनी पणती उलटसुलट करून पाहिली आणि ‘हे ठिपके कोणी काढले?’ असं विचारलं, तेव्हा पाच वर्षांचं एक पोरगं पुढे होऊन ‘मी!’ म्हणालं. ते ‘मी’ तुमच्यामुळे, आजी.

तुमचे गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून हे सगळं केलंत, हेही आम्ही पाहिलंय. पुढच्या खेपेला पाट-चौरंग आम्ही लावू, आवरायलाही आम्हीच असू. संक्रांतीला तिळगुळाच्या डब्या करायच्या असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्यासाठी घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करणं सुरू आहे. तुम्हाला जमेल ना, ते कळवा.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची एक आई