‘आकडा तुम्हीच वाचा’ म्हणणाऱ्या मुलाला

प्रिय मुला,

तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तू आठवडाभर माझा फोन घ्यायचा नाहीस, एवढं आता तुला ओळखते. तोंडावर आभार मानायला गेले की तू “काकू, पंप जरा जास्त आवाज करतोय का?” म्हणून विषय बदलतोस. म्हणून हे चारचौघांत.

सात महिने माझ्या 300 लिटरच्या रीफ टाकीत (घरातली खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरलची म्हणजे प्रवाळांची टाकी) मॅग्नेशियम टिकत नव्हतं. टेस्ट किटने, म्हणजे रंग फिरेपर्यंत पाण्यात थेंब टाकत, पहिल्यांदा मोजलं तेव्हा 1120 पीपीएम (दहा लाख भागांत 1120 भाग). समुद्रात असतं साधारण 1290. कमी आहे म्हटल्यावर घालायचं, एवढं मलाही कळत होतं. पण 180 ने आकडा चढवायचा तर या टाकीत जवळजवळ 450 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड जातं, कारण त्या खड्यांत मॅग्नेशियम जेमतेम 12 टक्के, बाकी सगळं क्लोराइड आणि पाणी. अर्धा किलो पावडर विरघळवून, दोन दिवसांत विभागून ओतली. 1300 आलं. मी खूश. तीन वॉटर चेंज (थोडं जुनं पाणी काढून मीठ मिसळलेलं नवं भरायचं) झाले नाहीत तोच पुन्हा 1190. पुन्हा ओतलं, पुन्हा खाली. रांजण फुटका आहे हे न बघता पाणी भरत राहावं, तसं.

नुसता आकडा पडला असता तरी चाललं असतं. पण मॅग्नेशियम कमी पडलं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही (ढोबळमानाने, पाण्यात विरघळलेलं कार्बोनेट) हातात राहत नाहीत. एरवी कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्यांची वाढ रोखून धरतं. माझ्याकडे ते रोखणारंच अपुरं. वर मी कॅल्शियम कमी दिसतंय म्हणून तेही घालत होते. ते कोरलला मिळण्याऐवजी हीटरवर चढायचं. पांढरा, खरखरीत थर, नखाने खरवडला तरी न निघणारा. एक पंप त्यानेच अडकून बंद पडला. आणि माझा तो हॅमर कोरल! दिवसभर अर्धवट मिटलेला, जणू माझ्यावर रुसलाय.

विचारायचं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. एकाने सांगितलं, डोस वाढवा. (कशामुळे पडतंय ते विचारायचं नाही, बाटल्या किती लागतील ते मात्र तोंडपाठ.) दुसऱ्याने सांगितलं, सॉल्ट (पाण्यात मिसळायचं समुद्री मीठ) बदला. बदललं. आकडा तोच. आणि ज्यांनी टाकी बसवून दिली होती ते गृहस्थ फोनवर म्हणाले, “थेंब मोजण्यात गडबड होत असेल तुमची. घरात दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा ना.”

हे मला फार लागलं. हसून फोन ठेवला खरा, पण त्यानंतर टेस्ट करताना हात थरथरायला लागला. रंग बदलला का नाही, गुलाबीच आहे की निळसर झालंय, कुपी खिडकीशी धरून पाच-पाच मिनिटं बघत बसायची. शेवटी आलेला आकडा वहीत लिहायचाही सोडून दिला. माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता.

तू आलास त्या दिवशी टाकीत हात घातला नाहीस. खाली फरशीवर मांडी घालून बसलास आणि एकच प्रश्न विचारलास: “आकडा पडतो कधी? वॉटर चेंजनंतर, की मधल्या दिवसांत?” सात महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी वही काढली. जुन्या नोंदी बघितल्या तर दर वेळी वॉटर चेंजनंतरच. कोरल आणि जांभळं कोरलाइन शेवाळ मॅग्नेशियम घेतात, पण अगदी हळू. मग पन्नास-पन्नास पीपीएम खातंय कोण? कुणीच खात नव्हतं. मीच दर पंधरा दिवसांनी नव्या पाण्यातून कमी आणून ओतत होते.

मग तू पिशवीतून ती अर्ध्या लिटरची बाटली काढलीस. तुझ्या टाकीचं पाणी. वर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने काहीतरी लिहिलेलं, आणि ते लिहिलेलं तू तळहाताखाली झाकून धरलेलंस. म्हणालास, “तुमचं पाणी नंतर. आधी हे मोजा. तुमच्याच किटवर.”

मी सिरिंज तुझ्यापुढे केली. तू घेतली नाहीस.

तू माझ्याबरोबर थेंब मोजलेस, तेही मनातल्या मनात. ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नाही, म्हणजे माझी मोजणी चुकू नये. रंग फिरला तेव्हा मी सवयीने तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीकडे बघत होतास. “आकडा तुम्हीच वाचा, काकू.” मी तीनदा बघून 1305 म्हणाले. तू बाटली फिरवलीस. पट्टीवर लिहिलं होतं: 35, मॅग 1320. पस्तीस म्हणजे सॅलिनिटी, पाण्याचा खारटपणा, हजार भागांत 35 भाग मीठ.

अरे, पंधराचा फरक किटमध्ये असतोच. माझा हात बरोबर होता. सात महिने बरोबर होता.

पुढचं सगळं झटपट झालं. माझ्या नव्या मिसळलेल्या पाण्यात मॅग्नेशियम 1130. तुझ्या 35 च्या पाण्याचा थेंब माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, टाकला तर सॅलिनिटी 40 दाखवतोय. डिस्टिल्ड पाण्याला शून्य दाखवायचं, तर तिथे 5. म्हणजे मी 35 समजून जे बनवत होते ते खरं 30 होतं. मॅग्नेशियम कमी, कॅल्शियम कमी, सगळंच त्याच प्रमाणात कमी, कारण समुद्रच पातळ! सॉल्ट बदलून काय होणार होतं? आणि त्या रिफ्रॅक्टोमीटरच्या डोक्यावरचा बारीकसा स्क्रू, जो फिरवून तो जुळवायचा असतो, त्याबद्दल बसवून देणाऱ्या गृहस्थांचे शब्द मला आठवतात: “कारखान्यातून सेट होऊन आलाय, याला अजिबात हात लावू नका.” बरं. माझ्या हातावर शंका घ्यायच्या आधी आपला स्क्रू तपासला असता तर?

मॅग्नेशियमची पावडर तू कपाटात वर ठेवायला लावलीस. म्हणालास, मिठाबरोबर ते आपोआप येईल. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज थोडं खारं पाणी घालत दहा-बारा दिवसांत मी 35 वर आले, आणि एक चमचाही न घालता टाकीचं 1180 होतं ते 1375 झालं. हीटर व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ केला. थर पुन्हा चढलेला नाही.

जाणकार लोक या छंदात पुष्कळ आहेत. तोंडभर आकडे सांगतील, समोरच्याला अडाणी ठरवून मोकळे होतील. तुझ्याकडे उत्तर बहुधा पहिल्या प्रश्नालाच तयार होतं. तू ते सांगून दोन मिनिटांत निघून गेला असतास तरी मी आभारच मानले असते. पण सिरिंज न घेता तू थांबलास, भिंतीकडे बघत राहिलास. माझ्या वयाच्या माणसाला कुठे काय दुखतंय हे तुला त्या वयात कसं कळलं, देव जाणे. घरी असंच वागतोस का रे? आईला विचारायला हवं.

तुझी बाटली अजून माझ्याकडेच आहे. पट्टीही काढलेली नाही. ती न्यायला ये, आणि येशील तेव्हा दुपारी ये, म्हणजे दिवे पूर्ण लागलेले असतील. हॅमर उघडलाय.

तुझी,
काकू