हिरवीच करायची ठरवलीय, भावा

नोव्हाय, मिशिगन
रविवार, रात्री

भावा,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत ग्लोव्ह बॉक्सखाली उताणा पडलो होतो, तोंडात टॉर्च, म्हणून उचलला नाही, राग मानू नको. आता जेवणं झालीत, पोरं झोपलीत, तर निवांत बसून लिहितोय, कारण हे मेसेजवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीच आणि तुझ्याशिवाय इतक्या बारकाव्यानं ऐकून घेणारं माझं दुसरं कोण आहे.

ती जुनी लाल कॉर्व्हेट, शेव्हरलेची स्पोर्ट्स कार, आणली त्या दिवशी तुला फोटो टाकले होते बघ. १९६७ ची कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी, वरून लाल, आत काळी. सगळ्यांनी वा वा केलं, तू एकट्यानं लिहिलंस, "दाराच्या कडेला टेपची रेघ दिसतीय, नंतर मारलेला रंग आहे." तिकडं कोल्हापुरात उद्यमनगरात, रंगाच्या शेड जुळवत बसून, नुसत्या फोटोवरनं ओळखलंस. मला ते तेव्हापासून टोचत होतं, म्हणून गेल्या आठवड्यात सीट काढून आत शिरलो.

ह्या गाड्यांना ग्लोव्ह बॉक्सच्या मागं खाली एक आडवी पट्टी असते, तिच्यावर दोन छोट्या प्लेटा. एक व्हिन नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, त्यात मॉडेल, वर्ष, कारखाना सगळं कळतं पण रंगाचं काहीच नसतं. दुसरी म्हणजे ट्रिम टॅग, तिच्यावर बाहेरच्या रंगाचा आणि आतल्या इंटीरियरचा कोड असतो. पन्नास-साठ वर्षांची धूळ आणि वर कसलातरी चिकट थर, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन हळूहळू घासत गेलो तर एकेक आकडा वर यायला लागला. पेंट ९८३. ट्रिम ४२०. भावा, मी तिथंच पडून राहिलो दोन मिनिटं. ९८३ म्हणजे गुडवुड ग्रीन, ४२० म्हणजे सॅडल व्हिनाइल. म्हणजे ही गाडी कारखान्यातनं निघाली तेव्हा बाहेरून गडद हिरवी मेटॅलिक आणि आत खोगिराच्या रंगाची होती, तो तांबूस तपकिरी, आपल्या तेल पाजलेल्या कोल्हापुरी चपलेचा असतो ना, अगदी तसाच. आणि कोणीतरी ती जोडी मोडून लाल-काळी करून टाकली.

टॅगवर बॉडी नंबरच्या आधी 'ए' अक्षर आहे, त्याचाही मला लई आनंद झाला. कॉर्व्हेट तेव्हा मिझुरीतल्या सेंट लुईसच्या कारखान्यात बनायच्या, पण १९६४ ते ६७ मधे तिथं सगळ्या बॉड्या उरकेनात म्हणून बऱ्याचशा ए. ओ. स्मिथ कंपनीकडनं बनवून घ्यायचे, इथंच मिशिगनमधे आयोनिया गावात. तिथं बॉडी बनायची, रंग व्हायचा आणि मग रेल्वेनं सेंट लुईसला जायची. 'एस' असेल तर सेंट लुईसची बॉडी, 'ए' असेल तर आयोनियाची. म्हणजे हिच्यावर पहिला हिरवा कोट पडला ती जागा माझ्या घरापासनं दीड-दोन तासांवर आहे. पुढच्या महिन्यात जाऊन येणार आहे गावात, नुसता चक्कर मारून.

आता तू म्हणशील एका प्लेटवर विश्वास ठेवायचा का. बरोबर आहे, बनावट ट्रिम टॅगही बाजारात फिरतात. म्हणून पुरावा शोधत बसलो. हेडलाइटच्या खोबणीत आत बोट घालून पुसलं तर हिरवा ओव्हरस्प्रे, फवाऱ्यातनं उडून बसलेला रंग. पायाजवळच्या किक पॅनलच्या मागं, जिथं कुणाची स्प्रे गन पोचत नाही, तिथं सॅडलचा रंग तसाच. मग ट्रंकजवळ नको त्या जागी थोडंसं वॉटर पेपरनं घासलं, आधी लाल, मग राखाडी प्रायमर, मग लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पातळ हात, मग एकदम हिरवं, त्याच्याखाली कारखान्याचा प्रायमर आणि फायबर, कॉर्व्हेटची बॉडी पत्र्याची नसते ना. एका नखाएवढ्या जागेत गाडीचा सगळा जन्म दिसला बघ. १९६७ पासनं पेट्रोलच्या टाकीवर वरच्या बाजूला बिल्ड शीटचा, म्हणजे त्या गाडीला काय काय लावायचं ते लिहिलेला, कागद चिकटवलेला असायचा, टाकी उतरवली तर तो निम्मा कुजलेला, पण उरलेल्या तुकड्यात ९८३ वाचता येतंय. मग माझी शंका मिटली.

इथले ओळखीचे दोघं-तिघं म्हणतात लालच ठेव, लाल कॉर्व्हेट लगेच विकली जाते. मला विकायचीच नाही, पण ते सोडून दे, मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. १९६७ ला एकूण २२,९४० कॉर्व्हेट बनल्या, दहा रंगांत, आणि त्यातला सगळ्यात जास्त खपलेला रंग कुठला असेल, लाल नाही, काळा तर नाहीच, हाच गुडवुड ग्रीन, ४,२९३ गाड्या. रॅली रेड २,३४१ आणि टक्सीडो ब्लॅक फक्त ८१५. म्हणजे त्या वर्षी पाचातल्या जवळपास एका माणसानं हिरवी निवडली होती, आणि मी इथल्या शोमधे फिरतो तेव्हा लाल आणि काळ्यांची रांग लागलेली असते, हिरवी शोधावी लागते. त्या सगळ्या हिरव्या गेल्या कुठं? त्यातल्या बऱ्याच अशाच कुठल्यातरी लाल रंगाखाली गाडल्या गेल्यात, माझ्या गाडीसारख्या.

रंग आणि इंटीरियर वेगवेगळं बघायची सवय आपल्याला लागलीय, आताच्या गाड्या आत सगळ्या काळ्या नाहीतर करड्या. त्या काळात तसं नव्हतं. पहिली कॉर्व्हेट १९५३ ची, फ्लिंटमधे ३०० बनवल्या, तिनशेच्या तिनशे पोलो व्हाइट आणि आत लाल, दुसरं काही मिळायचंच नाही, कारण न्यूयॉर्कच्या मोटोरामा ह्या गाड्यांच्या प्रदर्शनात दाखवलेली गाडी तशी होती. १९५४ ला पेनंट ब्लू आला तो आत बेज घेऊन आला. निळ्याला आत निळं नाही, बेज. कोणीतरी बसून विचार केलाय ना ह्याच्यावर. आणि १९६३ ची ती मागची काच मधोमध दुभागलेली स्टिंग रे तुला शाळेपासनं आवडते, ती सेब्रिंग सिल्व्हरमधे हवी तर रंगाचे वेगळे पैसे मोजावे लागायचे. कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइनचा प्रमुख बिल मिचेल, त्याचा एक किस्सा सांगतात. त्यानं पकडलेला माको शार्क ऑफिसात भिंतीवर लावलेला, आणि हट्ट असा की १९६१ च्या शो कारला त्या माशासारखाच रंग पाहिजे, वर गडद निळा आणि खाली उतरत पांढुरका. त्याच्या हाताखालच्या पोरांनी किती वेळा मारला तरी त्याला पटेना, शेवटी रात्री मासाच काढून नेला आणि माशालाच गाडीच्या रंगानं रंगवून परत टांगला. मग साहेब खुश. खरं-खोटं देव जाणे, पण शेड मॅचिंग करणाऱ्या तुला हा किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आता कामाचं. तेव्हा सेंट लुईस आणि आयोनियात अ‍ॅक्रिलिक लॅकर मारायचे, बेसकोट-क्लिअरकोट, म्हणजे खाली रंग आणि वर पारदर्शक थर, कॉर्व्हेटला आला तो १९८१ ला, कारखाना केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला गेला तेव्हा. लॅकरची ती खोली क्लिअरकोटला येत नाही असं माझं मत आहे, क्लिअर काचेसारखा वर बसतो, लॅकर आतनं चमकतो. म्हणून मी लॅकरच मारायचा म्हणतोय. लाल काढायला केमिकल वापरायचं नाही, साधा पेंट रिमूव्हर फायबरमधे मुरतो आणि नंतर नवीन रंगाला फोड येतात, त्यामुळं सगळं हातानं घासून. पत्र्याच्या गाडीसारखं जोर लावता येत नाही, तेवढंच. इंटीरियरचं सॅडल व्हिनाइल आणि त्याच रंगाचं कार्पेट नवीन बनवून मिळतं, मागवलंय. टपाचा रंग मात्र ट्रिम टॅगवर नसतो, टाकीच्या कागदावरचा तो तुकडाही गेलाय. काळा, पांढरा आणि टील ब्लू हे तीनच होते त्या वर्षी. मला पांढरा घालावासा वाटतोय, हिरव्यावर पांढरं टप आणि आत सॅडल, डोळे मिटले की दिसतंय.

एक अडलंय. काल एका जुन्या फेंडरच्या तुकड्यावर गुडवुड ग्रीनची टेस्ट मारली, तीन कोट, उन्हात झकास दिसतो पण सावलीत नेला की एका कडेला पट्टे पडल्यासारखे दिसतात, मेटॅलिकचे कण एकीकडं जमल्यासारखे. माझा अंदाज, माझी गन जवळ जातीय नाहीतर थिनर लवकर उडतंय, इथं गॅरेजात हीटर चालू असतो. सोबत दोन फोटो पाठवतोय, एक उन्हातला, एक दाराच्या आतला, आणि तोच तुकडा काकूंच्या भावाबरोबर तुला देतोय, ते पंधरा तारखेला येतायत. फोटोवर जाऊ नको, हातात घे, दुकानाबाहेर उन्हात तिरका धर, मग आत ट्यूबलाइटखाली धर, आणि मला नीट सांग, गन किती लांब धरू, आणि थिनर स्लो घेऊ का. तुझा निरोप येईपर्यंत मी गाडीवर गन लावत नाही.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच