वेगाचे बंधन पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीलाही हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खासगी मोटारींना वेगनियंत्रक सक्तीचा करावा का, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच चालकाच्या स्वातंत्र्याकडे वळते. वास्तविक ही सक्ती आपल्याकडे नवी नाही. केंद्र सरकारने 2015 साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी 80 किलोमीटरचा, तर शाळेच्या बस, डंपर आणि टँकर यांना 60 किलोमीटरचा वेगनियंत्रक बंधनकारक केला. पुढे टॅक्सीही त्या नियमाखाली आल्या. खासगी मोटार मात्र सुटली ती आजतागायत.

या भेदाचा अर्थ मला समृद्धी महामार्गावर शिर्डीहून नागपूरकडे भाड्याच्या गाडीने जाताना नीट कळला. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा 80 च्या पुढे सरकत नव्हता, आणि त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या अशा वेगाने पुढे निघून जात होत्या की वाऱ्याच्या झोताने आमची गाडी हलत होती. ‘‘काका, इंजिन तेच आहे, फक्त पाटी पिवळी,’’ एवढेच तो म्हणाला. त्या रस्त्यावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे आणि पुढे जाणारे कित्येक जण तीही पाळत नव्हते. जो रोज पोटासाठी गाडी चालवतो त्याच्यावर कायद्याचा विश्वास नाही आणि जो सणासुदीलाच गाडी महामार्गावर काढतो त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, हे मला पटत नाही. शिवाय एकाच रस्त्यावर एक मोटार 80 ने आणि दुसरी 140 ने धावत असेल, तर वेगातली ही तफावत हाच एक धोका आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांतील 71 टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवलेले आहे. अपघाताच्या नोंदीत हे कारण काहीसे सवयीने लिहिले जात असेल, हे गृहीत धरले तरी एवढ्या मोठ्या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही. वेग 100 वरून 140 वर नेला तर तो 40 टक्क्यांनीच वाढतो, पण धडकेच्या वेळी जी ऊर्जा गाडीला आणि आतल्या माणसांना सोसावी लागते ती जवळजवळ दुप्पट होते.

तरीही टॅक्सीचा 80 चा नियंत्रक उचलून खासगी गाडीला बसवावा, असे मी म्हणणार नाही. शहरात, जिथे माणसे रस्ता ओलांडत असतात, तिथे 80 ची मर्यादा निरुपयोगी आहे. आणि पासिंगपुरता नियंत्रक चालू ठेवून नंतर त्याची वायर काढून टाकण्याचा प्रकार या व्यवसायातल्या सर्वांना ठाऊक आहे. युरोपीय संघाने निवडलेला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत कॅमेऱ्याने फलक वाचून आणि नकाशाचा आधार घेऊन त्या रस्त्याची मर्यादा ओळखणारी यंत्रणा अनिवार्य आहे. मर्यादा ओलांडली की ती चालकाला इशारा देते किंवा इंजिनाची शक्ती कमी करते. चालकाने ॲक्सिलरेटर जोराने दाबला तर तिच्यावर मात करता येते. त्यामुळे ‘ओव्हरटेक करताना अडकलो तर काय’ या रास्त शंकेचेही निरसन होते. ती बंद केली, तरी गाडी पुन्हा सुरू करताच आपोआप चालू होते.

आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 च्या पुढे अधूनमधून आणि 120 च्या पुढे सतत वाजणारा इशारा आहेच. पण नुसत्या आवाजाची आपल्याला किती लवकर सवय होते, हे सीटबेल्टच्या बाबतीत दिसले आहे. बेल्ट न लावता आवाज बंद करणाऱ्या क्लिपा इतक्या सर्रास विकल्या जात होत्या की 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. म्हणून इशाऱ्यावर न थांबता कारखान्यातूनच 120 ची कमाल मर्यादा घालून गाडी बाहेर यावी, कारण देशातल्या कोणत्याही रस्त्यावर मोटारीला याहून अधिक वेगाची परवानगी नाही. त्या मर्यादेच्या आत रस्त्यानुसार वेग सांभाळण्याचे काम युरोपातल्यासारख्या यंत्रणेने करावे.

खरी अडचण आपल्या रस्त्यांची आहे. कुठे फलक झाडीत दडलेला असतो, कुठे त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, तर कुठे काम संपून गेले तरी कंत्राटदाराचा 20 चा फलक तसाच उभा असतो. असे फलक वाचून गाडी वेग ठरवू लागली तर लोक आठवड्याभरात त्या यंत्रणेला कंटाळतील. त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी आपापल्या रस्त्यांच्या वेगमर्यादांची किलोमीटरनिहाय डिजिटल नोंद आधी तयार करून जाहीर केली पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून पुढचे काहीही साधणार नाही.

वेगनियंत्रकाने सगळेच अपघात टळतील, असा माझा दावा नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना जी अवजड वाहने इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडली जातात, त्यांना इंजिनाचा वेग रोखणारे यंत्र आवरू शकत नाही. तिथे उताराची रचना आणि पोलिसांची नजर हेच उपाय आहेत. पण सपाट, सरळ, मोकळ्या महामार्गावर कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि तो मागे पडला की पुन्हा वेग वाढवायचा, या सवयीवर ई-चलन पुरेसे ठरलेले नाही.

राज्य सरकारला केंद्राच्या नियमाची वाट पाहण्याचेही कारण नाही. मंत्री आणि अधिकारी यांच्यासाठी यापुढे घेतल्या जाणाऱ्या मोटारींना, पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची वाहने वगळून, ही अट खरेदीच्या निविदेतच घालता येईल. परिवहन विभागाने तेवढा निर्णय तरी याच आर्थिक वर्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे