पदाआधीचा प्रवेश कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या फोंडा भागातल्या, उत्सवांच्या बातम्या वाचल्या, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. मी तीसेक वर्षे हौशी संगीत नाटकांना पेटीची साथ करतो. यंदा आमच्याच भागात एका देवळाच्या उत्सवात 'सौभद्र' हे संगीत नाटक होते. देवस्थानाचे नाव घेत नाही, माणसे आपलीच. पालखी आत यायला साडेअकरा झाले आणि दोनच्या आत नाटक आटपा, असा समितीचा निरोप आला. साथीदारांचा खर्च नको म्हणून पेटी-तबल्याला आधीच फाटा दिलेला, लॅपटॉपवर आधीच मुद्रित केलेल्या साथीचा ट्रॅक. त्यामुळे मी चक्क प्रेक्षकांत, मांडीवर खाज्याची पुडी घेऊन बसलो होतो.

रुसलेल्या रुक्मिणीने अजून पुरती पाठही फिरवली नव्हती. कृष्णाचे आर्जवाचे एक वाक्य बाकी होते, तोच 'नच सुंदरि करूं कोपा'चा ट्रॅक सुरू. कृष्ण वाक्य गिळून गाण्यामागे धावला. त्यात त्याची पट्टी काळी दोन आणि ट्रॅक पांढरी चारचा, म्हणजे अख्खा एक सूर वर. वरच्या षड्जापाशी बिचाऱ्याने मुकुट सावरायचे निमित्त करून तोंड वळवले. मागची पोरे हसली. मीही हसलो, खोटे कशाला बोलू?

पेटीवाला काय करतो, हे समितीवाल्यांना ठाऊक नसावे. नट शेवटचे वाक्य बोलत असतो तेव्हा आम्ही त्याखाली हळूच षड्ज धरतो. वाक्य संपता संपता तो सुरावर येतो; बोलणे कुठे संपले नि गाणे कुठे सुरू झाले, ते कळू नये. त्याचा श्वास पुरला नाही तर आम्ही दोन मात्रा घुटमळतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

पदे, म्हणजे नाटकातली गाणी, कापली म्हणून माझी तक्रार नाही. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यात दोनशेच्या घरात पदे होती. 'सौभद्रा'तही शंभरावर. आज एवढी कोण बसवणार आणि कोण ऐकणार? जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा'ला चाली दिल्या तेव्हा पदे थोडकीच होती आणि गायचीही आटोपशीर. ते 1964 चे नाटक गोवा हिंदू असोसिएशनचे, अभिषेकी मंगेशीचे, गाणारे रामदास कामत आणि आशालताही गोव्याच्याच. त्यातले नायिका सत्यवतीचे 'गर्द सभोवती रान साजणी' आज प्रत्येक नाट्यगीतांच्या मैफलीत होते. छान होते. पण 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा' हे त्याच नाटकात, त्याच सत्यवतीच्या तोंडी आहे. रानाचे कौतुक गाणारी पोर कुठे येऊन पोचली, हे एकाच रात्री समोर बघितलेल्या माणसाला पुढे ते पद रेडिओवर लागले तरी चटका बसतो. निवेदकाने दोन पदांच्या मध्ये चारोळी म्हटली की तो चटका जातो.

आमच्या तियात्राचे, म्हणजे गोव्यातल्या कोकणी नाटकाचे, वेगळे. त्यातली कांतारे, म्हणजे गाणी, बहुतेक कथेबाहेरची, दोन प्रवेशांच्या मधे पडदा पाडून म्हणायची. ती उचलून कुठेही गाइली तरी बिघडत नाही, आणि तरीही तियात्रवाले ट्रम्पेट-ड्रमवाल्यांना समोर बसवतात! आमचे पद प्रवेशाच्या पोटातले, आणि आम्हीच वाजवणाऱ्यांना घरी पाठवतो.

माझ्या लहानपणी हीच नाटके मध्यरात्रीनंतर उभी राहत. मी आजीच्या मांडीवर झोपलेला असे. 'सौभद्रा'तले 'प्रिये पहा' आले की आजी मला हलवून उठवी, "ऊठ, कृष्ण पहाट सांगतोय." ते पद देसकारात, सकाळचा राग. डोळे चोळत मंडपाबाहेर बघावे तर माडांच्या मागे खरेच फटफटू लागलेले असे. असे जागरण आता कुणाला परवडत नाही. सकाळी पोरांच्या शाळा, मोठ्यांची ड्युटी, सगळे कबूल.

म्हणून समित्यांना एवढेच सुचवतो. वेळ दोन तासांचाच असेल तर पाच अंक पिळून त्यात बसवू नका. एकच अंक घ्या, पण पुरा घ्या, रुसव्या-फुगव्यांसकट. आधी सूत्रधाराने चार वाक्यांत गोष्ट सांगावी. 'सौभद्र' आपल्याकडे कुणाला नवे आहे? उरलेले अंक पुढच्या वर्षांवर टाका. नट तोच, तालीम कमी, आणि पुढे काय म्हणून लोक परत येतील. ट्रॅक मात्र नको. पेटी आणि तबला, दोनच माणसे लागतात.

त्यांतला पेटीवाला मी फुकट यायला तयार आहे. मानधन नको, नारळ-शालही नको. फक्त रात्री घरी सोडायला कुणाची तरी गाडी बघून ठेवा. स्कूटरवर मांडीवर पेटी धरून बसायचे माझे वय राहिले नाही.

आपला,
एक पेटीवाला, फोंडा तालुका