मूल उशिरा बोलतंय? आधी कान तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या बालसंगोपन पुरवणीतल्या एका लेखात ‘काही मुलांच्या मेंदूतलं बोलण्याचं केंद्र उशिरा जागं होतं, तेव्हा तीन वर्षांपर्यंत निर्धास्त राहावं’ असा सल्ला छापून आला आहे. जिभेखालचा पडदा कापून घ्यावा आणि घरात एकच भाषा ठेवावी, अशा सूचनाही त्याच लेखात आहेत. आम्ही काही जण वाचा-भाषा आणि श्रवण तपासणीच्या क्षेत्रात काम करतो. यातला पहिला सल्ला आमच्या मते घातक आहे आणि उरलेले दोन बहुतेक वेळा निरुपयोगी. याचा खुलासा ठळकपणे छापावा, ही विनंती.

मेंदूत बोलण्याचं असं एकच केंद्र नसतं, तेव्हा ते जागं व्हायची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकाच केंद्राची ही कल्पना १८६१ सालची. पॅरिसमधले शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे आलेल्या लेबोर्न्य या रुग्णाला बहुतेक सगळं समजायचं, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच यायचं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डावीकडे, कपाळामागच्या भागात इजा सापडली. पुढे १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण दाखवले. मेंदूत डावीकडे, कानाच्या वर-मागे येणाऱ्या भागात इजा झालेली ही माणसं अस्खलित बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणं नीट कळतही नसे. पाठ्यपुस्तकांतली चित्रं अजून तिथेच अडकली आहेत. लेबोर्न्यचा जपून ठेवलेला मेंदू २००७ मध्ये एमआरआयखाली तपासला गेला, तेव्हा इजा पृष्ठभागावरच थांबलेली नव्हती. दूरदूरचे भाग जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्यांपर्यंत ती खोल गेली होती.

आज चित्र असं आहे : कानातून आलेल्या ध्वनीला मेंदूत मुख्यतः दोन वाटा फुटतात. एक कानाजवळच्या भागातून खाली उतरत अर्थाकडे जाते. दुसरी वर वळून पुढे, ओठ-जीभ-स्वरयंत्र हलवणाऱ्या भागांकडे जाते. ऐकलेला आवाज आणि तो काढण्यासाठी लागणारी तोंडाची हालचाल यांची सांगड याच दुसऱ्या वाटेवर बसते, म्हणून बोलायला शिकताना तिचं महत्त्व मोठं. या दोन्ही वाटा वापरानेच पक्क्या होतात, आणि त्यांच्यात शिरायचा दरवाजा एकच : कान. (खुणांची भाषा हा अपवाद. त्याबद्दल पुढे.)

हा वापर पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होतो. गर्भ सहा महिन्यांचा होईपर्यंत कान आवाज टिपू लागलेला असतो. आईचा आवाज नवजात बाळ इतर बायकांच्या आवाजापेक्षा जास्त पसंत करतं, हे १९८० मध्येच प्रयोगातून दिसलं. १९८४ मधला एक प्रयोग तर आपल्या वाचकांना जवळचा वाटेल, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वापरले होते. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचं आणि मध्येच बदलायचं. बदल झाला की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलू लागतं, हे बाळाला कळलं की बदल ऐकू येताच ते आपोआप तिकडे मान वळवतं. इंग्रजी ऐकत वाढणारी सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं ‘त’चा ‘ट’ झाल्यावर मान वळवत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना ते जमेना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र वर्षाच्या आसपासही जमत होतं. म्हणजे वाढदिवसाचा केक कापायच्या आत मेंदूने आपल्या भाषेला लागणारे फरक ठेवून बाकीचे बाजूला सारलेले असतात. ही निवड होते ती ऐकलेल्या बोलण्यावरून. ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याने काय निवडावं?

शब्द वेगळे काढण्याचं कामही याच काळात होतं. आपण बोलताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. सेकंदाला चार ते सहा अक्षरं एकमेकांना चिकटून येतात. १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग, सपाट माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कोणती तीन अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येतात, एवढाच काय तो सुगावा त्यात होता. बाळांनी तेवढ्यावरून ‘शब्द’ वेगळे काढले. शिकवणारं कोणी नव्हतं आणि बक्षीसही नव्हतं.

सात ते दहा महिन्यांच्या सुमाराला ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू होते. बाळ आवाज काढतं, तो ऐकतं, जिभेची हालचाल थोडी बदलतं आणि पुन्हा ऐकतं. वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेची ही तालीमच. हुंकार, किंचाळणं, हसणं हे सगळं जन्मतः बहिऱ्या बाळांनाही येतं, त्यामुळे ‘आवाज तर काढतो, म्हणजे ऐकतो’ हे अनुमान चूक आहे. बहिऱ्या बाळांची अक्षरांची बडबड मात्र रेंगाळते. अकरा महिन्यांपर्यंत ती सुरू झाली नाही, तर ती धोक्याची खूण समजावी.

आता सगळ्यात जास्त फसवणाऱ्या गोष्टीकडे येतो. दार आपटलं की मूल दचकतं, टाळी वाजवली की वळतं, म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण ऐकणं आणि बोलणं ऐकणं यात फरक आहे. स्वरांची, ‘म’-‘न’ची मुख्य ताकद कमी कंपनसंख्येत असते, साधारण १००० हर्ट्झच्या आत. ‘स’ची ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते आणि तो मुळातच क्षीण असतो. उंच कंपनसंख्येतली श्रवणशक्ती गेलेल्या मुलाला दार ऐकू येतं, हाक ऐकू येते, गाण्याचा ठेकाही कळतो. फक्त ‘स’, ‘श’ आणि ‘थ’, ‘ख’ यांच्यातली हवा गळते. ‘तो करतो’ आणि ‘तू करतोस’ यातला सगळा फरक शेवटच्या ‘स’वर आहे. ज्या मुलाला तो कधी ऐकूच आला नाही, त्याच्यासाठी मराठीत ‘तू’ची क्रियापदं वेगळी नसतातच. अधूनमधून अक्षरं उडालेलं पान वाचून व्याकरण शिकण्यासारखं हे आहे. असं मूल बोलतं, पण उशिरा, अर्धवट, शेवट खात. मग त्याच्यावर ‘आळशी’, ‘लक्ष देत नाही’ असे शिक्के बसतात.

म्हणून तपासणी. ओएई या चाचणीत कानात मऊ टोकाची छोटी नळी बसवून टिक-टिक आवाज देतात. अंतर्कर्णातल्या केसपेशी (आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म पेशी) धडधाकट असतील तर उलट दिशेने एक अतिशय सूक्ष्म प्रतिध्वनी येतो आणि यंत्र तो टिपतं. बाळ शांत झोपलेलं असेल तर काम काही मिनिटांत होतं. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत कानात मळ-पाणी असल्यामुळे किंवा सर्दीत पडद्यामागे द्रव साचल्यामुळे ही चाचणी ‘रेफर’ येऊ शकते. त्याचा अर्थ बहिरेपण असा नाही, पुन्हा तपासा असा आहे. खरी गडबड इथेच होते. ‘पहिल्यांदा रेफर येतंच’ असं म्हणत दुसरी तपासणी राहून जाते.

बेरा चाचणी त्यापुढे जाते. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज श्रवणनसेतून मेंदूच्या खोडापर्यंत पोचतो का, ते तरंगांवरून पाहतात. मूल गाढ झोपलेलं हवं. हालचाल झाली की स्नायूंचा विद्युतगोंगाट तरंग गिळून टाकतो. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांची केवळ ओएईवर बोळवण करू नये. त्यांच्यात केसपेशी ठीक आणि नस बिघडलेली, अशी स्थिती येऊ शकते. ओएई पास होते, बोलणं मात्र कळत नाही. जगभर पाळला जाणारा दंडक १-३-६ असा आहे : एक महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू. जन्मवेळची चाचणी पास झाली म्हणून कायमची सुटका नाही. मेंदूज्वरानंतर किंवा आईकडून गर्भात मिळालेल्या सायटोमेगॅलो विषाणूमुळे श्रवण नंतरही ढासळू शकतं.

घाई का, तेही सांगतो. श्रवणाच्या भागाला आवाज मिळाला नाही तर तो रिकामा बसत नाही. दृष्टी, स्पर्श अशी दुसरी कामं तिथे शिरकाव करतात. जन्मतः बहिऱ्या मुलांना साधारण साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवणनसेला थेट विद्युत संकेत देणारं, शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) बसवलं, तर आवाजाला मेंदूने दिलेला विद्युत प्रतिसाद काही महिन्यांत वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर बसवलं तर तो बहुतेकांत तसा होत नाही. तीन वर्षांपर्यंत निर्धास्त राहायचं, मग तपासण्या, मग श्रवणयंत्र लावून पाहायचं, मग शस्त्रक्रिया. एवढ्यात ही मुदत निघून जाते. कान साथ देणार नसेल, तर खुणांची भाषा लवकर सुरू करण्यात कमीपणा नाही. खुणा पाहत वाढणारी बाळं हातांनी बडबड करतात आणि ती भाषा हाताळताना डाव्या मेंदूचं तेच जाळं कामाला लागतं. नुकसान होतं ते दोन्हींपैकी एकही भाषा वेळेवर न मिळाल्याने.

जिभेखालच्या पडद्याबद्दल थोडक्यात. तो फार आखूड असेल तर अंगावर पिताना त्रास होतो, पुढे ‘ल’, ‘र’ अस्पष्ट येऊ शकतात. पण त्यामुळे शब्दांची संख्या घटत नाही, आणि सांगितलेलं समजत नाही असंही होत नाही. दोन वर्षांचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर कात्रीचा उपयोग नाही.

दोन भाषांचंही तसंच. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे असतात. एका भाषेतले वीस आणि दुसरीतले तीस, म्हणजे पन्नास. बोलण्यातला खरा दोष दोन्ही भाषांत दिसतो. एक भाषा बंद केल्याने तो बरा होत नाही, आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

मोबाइलवरच्या ‘भाषा शिकवणाऱ्या’ चित्रफितींबद्दल एक प्रयोग पुरेसा आहे. २००३ मध्ये इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी काही आठवडे, बारा बैठकांमध्ये, चिनी भाषेत खेळत-बोलत राहिल्यावर ती चिनी ध्वनींमधले फरक ओळखू लागली. तीच माणसं, तोच मजकूर पडद्यावर दाखवला किंवा नुसता ऐकवला, तेव्हा शिकणं शून्य. बाळ जिकडे पाहतंय त्याचं नाव घेणं, त्याने काढलेल्या आवाजाला लगेच उत्तर देणं आणि मग पाच-दहा सेकंद गप्प राहून त्याला पाळी देणं, हे पडद्याला जमत नाही. मुलाने ‘गाडी’ म्हटलं की आपण ‘हो, लाल गाडी गेली’ म्हणावं. ‘बोल, बोल ना’ असा तगादा लावू नये.

उशिरा बोलणारी निम्म्याहून जास्त मुलं पुढे आपणहून बरोबरीला येतात, हे खरं आहे आणि लेखातल्या सल्ल्याचं मूळही बहुधा त्यात असावं. पण त्या मुलांचं ऐकणं, समजणं आणि बोटाने दाखवणं व्यवस्थित असतं. बारा महिन्यांना नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवत नाही; सोळा महिन्यांना एकही शब्द नाही; चोवीस महिन्यांना ‘पाणी दे’सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, तर तपासणी पुढे ढकलू नये. आलेले शब्द कोणत्याही वयात जाऊ लागले, तर त्याच आठवड्यात दाखवावं.

जाताना जन्माची कागदपत्रं न्यावीत : वजन, कावीळ, अतिदक्षता विभागातले दिवस, दिलेली औषधं. त्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिन असेल तर आवर्जून सांगावं, कारण ही प्रतिजैविकं केसपेशींना इजा करू शकतात. जवळच्या नात्यात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल तर तेही. मुलाचे सगळे शब्द, जसे उच्चारतं तसेच, लिहून न्यावेत आणि घरी खेळतानाचं दोन-तीन मिनिटांचं चित्रण मोबाइलवर करून न्यावं. नव्या खोलीत, नव्या माणसासमोर बरीच मुलं तोंड उघडत नाहीत.

आपले,
वाचा-भाषा व श्रवण क्षेत्रात काम करणारे काही वाचक